विकलं नाही ते उरलं : तिबेटी वसाहतीतल्या एका ठेव्याचा इतिहास कसा वाचायचा

पीएचडीची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो : "इतिहासाच्या अंगाने काम करायचं तर साधनं कुठून आणायची? मुंबई-दिल्लीच्या अभिलेखागारात जाऊन महिनाभर राहायला पैसे कुठे आहेत?" प्रश्न खरा आहे. पण त्यामागे एक समजूत लपलेली असते. साधन म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे सरकारी कपाटातला, अशी ती समजूत. आजचा लेख तिच्यावरच आहे.

मी दिघोरीची. नागपूर शहरातली दिघोरी नव्हे, भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातली. आमच्याकडून पूर्वेला गेलं की अर्जुनी मोरगाव तालुका लागतो. तिथे गोठणगाव-प्रतापगडच्या पट्ट्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात, एक तिबेटी वसाहत आहे. तिचं नाव नॉर्गेलिंग. आमच्या भागातले लोक सरळ 'तिबेटी कॅम्प' म्हणतात. हिवाळा लागला की स्वेटर विकणारे तिबेटी आम्ही लहानपणापासून बघत आलो. ते आले कुठून, येताना काय घेऊन आले, हे मात्र शाळेच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

माझी पदव्युत्तर पदवी रसायनशास्त्राची. त्यामुळे वस्तू हातात आली की ती कशाची बनली आहे, हा प्रश्न मला आधी पडतो. तो प्रश्न किती कामाचा आहे आणि कुठे थांबला पाहिजे, हे बघण्यासाठी आपण एकच वस्तू घेऊ : आईवडिलांनी तिबेटातून आणलेला आणि जपून ठेवलेला घाऊ, आणि त्याच्यासोबत ओवलेले मणी. एका विशिष्ट कुटुंबाच्या घाऊबद्दल मी इथे लिहिणार नाही. वसाहत छोटी आहे, दोन तपशील दिले तरी घर ओळखू येतं. हीसुद्धा पद्धतीचीच गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

भंडाऱ्यात तिबेट कसं आलं

थोडक्यात घटनाक्रम लक्षात ठेवा. १९५१ च्या मे महिन्यात तिबेट आणि चीन यांच्यात सतरा कलमी करार झाला. १० मार्च १९५९ ला ल्हासात उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामा ल्हासातून निघाले आणि ३१ मार्चला भारताच्या हद्दीत आले. त्यांच्या मागोमाग सुमारे ८०,००० लोक हिमालय ओलांडून आले. आसाममधलं मिसामारी आणि बंगालमधलं बक्सा ही सुरुवातीची मोठी छावणीची ठिकाणं. थंड, कोरड्या पठारावरून आलेली माणसं उष्ण, दमट हवेत आजारी पडायला लागली. अनेकांना हिमाचल, सिक्कीमसारख्या डोंगराळ भागात रस्ते बांधायच्या कामावर पाठवलं गेलं. तंबूत राहायचं आणि दगड फोडायचे. रस्ता पुढे सरकला की तंबूही पुढे.

कायमच्या वसाहतींसाठी पंडित नेहरूंनी राज्यांना जमीन द्यायची विनंती केली. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने पुढाकार घेतला आणि १९६० मध्ये बैलकुप्पेची वसाहत सुरू झाली. १९६३ मध्ये सरगुजातलं मैनपाट आणि १९६६ मध्ये मुंडगोड झालं. आपल्याकडची नॉर्गेलिंग १९७२ ची. तिबेटी भाषेत 'नोर' म्हणजे संपत्ती आणि 'लिंग' म्हणजे ठिकाण. संपत्ती होती ती म्हणजे जंगल साफ करून केलेली धानाची शेती. ल्हासा समुद्रसपाटीपासून साधारण ३,६५० मीटरवर आहे, आणि इथे मे महिन्यात पारा ४५ अंशाला टेकतो. जव खाणाऱ्या माणसांनी इथे चिखलात धान लावायला शिकून घेतलं.

इथे संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात.

पहिली : ही वसाहत आज गोंदिया जिल्ह्यात आहे. पण गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधीची प्रत्येक नोंद भंडारा जिल्ह्याच्या नावाने असणार. तिबेटी प्रशासनाच्या यादीत आजही या वसाहतीपुढे भंडारा हेच नाव लागतं. म्हणजे आपल्या जिल्ह्याचं जुनं रूप आपल्या नकाशावरून गेलं, आणि निर्वासितांच्या वहीत राहिलं. साधनं शोधताना जुन्या जिल्ह्याच्या नावाने शोधा.

दुसरी : १९५९ आणि १९७२ यांच्यामध्ये तेरा वर्षं आहेत. 'तिबेटातून आणलेली वस्तू' असं आपण म्हणतो तेव्हा ती वस्तू ल्हासाहून सरळ गोठणगावला आल्यासारखं वाटतं. पण १९५९ साली निघालेल्या कुटुंबाने तेरा वर्षं छावण्या, रस्त्याच्या कडेचे तंबू, आजारपणं आणि मजुरी यांतून काढलेली आहेत. ही तेरा वर्षं वस्तूच्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाची आहेत, आणि मुलाखतीत सगळ्यात कमी बोललं जातं ते त्यांच्याबद्दलच. पलायनाची गोष्ट लोक सांगतात. रस्त्यावर दगड फोडल्याची गोष्ट विचारावी लागते.

घाऊ म्हणजे काय, आणि तो किती 'तिबेटी' आहे

घाऊ ही धातूची छोटी डबी. चांदीची, तांब्याची, कधी दोन्हीची. आत देवतेची प्रतिमा, मंत्र लिहिलेला कागद, एखाद्या गुरूच्या वस्त्राचा तुकडा अशा पवित्र गोष्टी ठेवतात. प्रवासाला निघालेला माणूस ती पट्ट्याने अंगावर अडकवायचा, म्हणजे वाटेत रक्षण होतं. बायका गळ्यात घालायच्या, त्यात पिरोजा जडवलेला असायचा आणि दोन्ही बाजूंना पोवळ्याचे मणी. आपल्याकडे ताईत आणि दागिना एकत्र केले तर काय होईल, तसं समजा.

आता माझा रसायनशास्त्राचा प्रश्न. हे सगळं कशाचं आहे?

पोवळं म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाचा सांगाडा, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. दागिन्यातलं नामांकित लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं. तिबेटला तर समुद्रच नाही! तेराव्या शतकात मार्को पोलोने तिबेटबद्दल लिहिताना नोंदवलं आहे की तिथे पोवळ्याला भारी किंमत येते आणि लोक ते बायकांच्या आणि देवमूर्तींच्या गळ्यात घालतात. म्हणजे इटलीच्या बाजूचं पोवळं व्यापाऱ्यांच्या कितीतरी हातांतून पठारावर पोचत होतं, तेही किमान सातशे वर्षांपूर्वीपासून.

पिरोजा म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं पाणी धरून ठेवणारं फॉस्फेट. निळा रंग तांब्याचा. तो तिबेटच्या परिसरातही मिळतो, पण उत्तम प्रतीचा पिरोजा म्हणून जुन्या जगात नाव होतं ते इराणमधल्या निशापूरचं.

तिसरा मणी सगळ्यात मानाचा : झी. काळसर-तपकिरी अकीक आणि त्यावर पांढऱ्या रेषा, गोल 'डोळे'. झी माणसाने घडवलेला नाही, तो देवांनी टाकून दिलेला दागिना आहे किंवा दगड झालेला किडा आहे, अशा समजुती तिबेटात आहेत. रसायनशास्त्र सांगतं की या रेषा अल्कलीयुक्त लेप लावून मणी भाजला की उमटतात.

आणि इथे विदर्भातल्या वाचकाने कान टवकारावेत. अकीकावर अल्कलीने पांढरी नक्षी उमटवण्याचं तंत्र सिंधू संस्कृतीत होतं. पुढे लोहयुगात तशी नक्षी असलेले लाल अकीकाचे मणी आपल्या विदर्भातल्या शिळावर्तुळांत सापडले आहेत. नागपूरजवळची माहुरझरी तर मण्यांसाठीच ओळखली जाते. म्हणजे नॉर्गेलिंगमधल्या एखाद्या आजीच्या गळ्यातला झी आणि दीडेकशे किलोमीटरच्या आत जमिनीखाली दोन-अडीच हजार वर्षं पडून असलेला मणी, दोघांच्या मागे एकाच प्रकारची रासायनिक क्रिया आहे.

पण थांबा. यावरून 'विदर्भातून मणी तिबेटात गेले' असं लिहून टाकू नका. तंत्र सारखं असणं हा संपर्काचा पुरावा नसतो. तो संपर्क होता का, हे विचारण्याचं कारण असतो. या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळला, त्याचा संशोधन-प्रस्ताव अर्धा सुधारला.

मग या वस्तूत 'अस्सल तिबेटी' काय आहे? पोवळं भूमध्य समुद्राचं, पिरोजा कदाचित इराणचा, चांदी व्यापारातून आलेली. वस्तू तिबेटी होते ती जोडण्याच्या पद्धतीमुळे, वापरामुळे आणि कोणी कोणाला दिली त्यामुळे. परक्या मुलखात ओळखीची खूण म्हणून आपण जी वस्तू छातीशी धरतो, तीच अनेकदा दहा मुलखांतून जमून आलेली असते. स्थलांतरितांच्या अस्मितेवर लिहिताना 'मूळ', 'शुद्ध', 'अस्सल' हे शब्द आले की पेन्सिलीने गोल करा आणि पुन्हा विचार करा.

उरलेल्या वस्तूंचा पक्षपात

विज्ञान शाखेतल्या मुलांना दुसऱ्या महायुद्धातला विमानांचा किस्सा माहीत असतो. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत ते बघून तिथे चिलखत जाड करावं, असा विचार चालला होता. संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांनी लक्षात आणून दिलं की ही परत आलेली विमानं आहेत. जी पडली त्यांना गोळ्या दुसरीकडे लागल्या असणार. चिलखत तिथे हवं.

घरात जपलेल्या वस्तू म्हणजे परत आलेली विमानं.

निर्वासित कुटुंबांनी येताना जे दागिने आणले, त्यांतले बरेच पहिल्या काही वर्षांतच विकले गेले. खायला, औषधाला, पुढच्या प्रवासाला. घाईत विकणाऱ्याला भाव कमीच मिळतो. त्यामुळे आज एखाद्या पेटीत घाऊ दिसतो तेव्हा 'यांनी काय आणलं' याचं उत्तर तुमच्यासमोर नसतं. 'यांना काय विकावं लागलं नाही' याचं उत्तर असतं. आणि न विकण्याची कारणं वेगवेगळी असतात. ते पवित्र होतं म्हणून विकलं नाही. घेणाऱ्याने भावच दिला नाही म्हणून राहिलं. घरातलं दुसरं कोणीतरी रस्त्याच्या कामावर कमावत होतं म्हणून वेळ आली नाही. किंवा आजीने कोणाला सांगितलंच नाही की तिच्याकडे ते आहे.

मुलं मोठी होतात तेव्हा ही सगळी कारणं पुसली जातात आणि एकच वाक्य उरतं : "आमा-लाने हे कधीच विकलं नाही." (आमा म्हणजे आई, आणि 'ला' हा आपल्या 'जी'सारखा मान देणारा प्रत्यय.) ते वाक्य खोटं नसतं. पण इतिहास लिहिणाऱ्याचं काम त्या वाक्याच्या मागे जायचं आहे. म्हणून मुलाखतीत वस्तूबद्दल चार प्रश्न ठेवा :

१. काय मागे राहिलं?
२. वाटेत आणि छावणीत काय गेलं? विकलं, दिलं, हरवलं, सगळं.
३. काय उरलं?
४. इकडे आल्यावर काय नवीन घेतलं, जे आता जुन्यासोबत ठेवलेलं आहे?

चौथा प्रश्न लोक विसरतात. दोरा तुटला की नवा दोरा येतो, हरवलेल्या मण्याच्या जागी बाजारातला मणी येतो. १९५९ चा घाऊ आणि १९८५ चा दोरा एकाच गळ्यात असतात. तो दोराही साधन आहे, टाकून देण्यासारखा नाही.

ज्यांना सैद्धांतिक आधार हवा असतो (आणि मार्गदर्शक तो मागतातच!) त्यांच्यासाठी : अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या १९८६ च्या 'द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज' या ग्रंथात इगोर कोपिटॉफ यांचा वस्तूच्या चरित्राबद्दलचा निबंध आहे. माणसाचं चरित्र लिहितो तसं वस्तूचं लिहावं, ती कधी विकाऊ होती आणि कधी विकण्यापलीकडे गेली ते बघावं, असा त्याचा गाभा आहे. घाऊला तो चपखल बसतो. तिबेटात तो रोजच्या वापरातला होता. विकाऊ होण्याची वेळ छावणीत आली. त्यातून जो वाचला, तो 'ठेवा' झाला. म्हणजे ठेवा हा स्थलांतरानंतर घडतो.

दुसरा ठेवा : कागद

आता त्याच पेटीतली दुसरी गोष्ट काढू. तिच्याकडे कोणी कौतुकाने बघत नाही, पण घराला आग लागली तर तीच आधी बाहेर काढतील. कागदपत्रं.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. त्यामुळे कायद्याच्या भाषेत तिबेटी माणूस 'परदेशी'. १९३९ च्या परदेशी नागरिक नोंदणी कायद्याखाली त्याला नोंदणी प्रमाणपत्र मिळायचं, बोलीत 'आरसी', आणि त्याचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागायचं. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळ्या रंगाचं ओळखपत्र, म्हणजे 'आयसी'. शिवाय निर्वासित तिबेटी प्रशासनाला ऐच्छिक कर भरल्याची नोंद असलेलं हिरवं पुस्तक, 'ग्रीन बुक'. ती पद्धत सुरू झाली १९७२ मध्ये, म्हणजे नॉर्गेलिंग वसली त्याच वर्षी. एका कागदावर तुम्ही इथले नाही असं लिहिलेलं, दुसऱ्यावर तुम्ही तिथले आहात असं.

मग कायद्याचा एक मुद्दा येतो, आणि इथे आईवडिलांचा ठेवा एकदम वेगळा अर्थ घेतो. भारताच्या नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्माने नागरिक आहे, त्याचे आईवडील कोणीही असोत. १ जुलै १९८७ पासून मात्र आई किंवा वडील यांपैकी एक तरी भारतीय नागरिक असावा लागतो. (डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली.) १९८६ साली हिमाचलात जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांना तिबेटी म्हणून पासपोर्ट नाकारला गेला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये त्या जन्माने भारतीय नागरिक आहेत असा निकाल दिला. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने या काळात जन्मलेल्या तिबेटींना मतदार यादीत घ्यायला सांगितलं, आणि २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टबद्दल तशा सूचना दिल्या.

आता हिशोब करा. समजा आई १९७५ मध्ये वसाहतीत जन्मली. कायद्याच्या शब्दांनुसार ती जन्माने भारतीय, भले आयुष्यभर तिच्या हातात परदेशी म्हणून आरसी असो. तिचा मुलगा १९९८ चा. त्याचं नागरिकत्व आईच्या नागरिकत्वावर उभं, आणि आईचं तिच्या जन्माच्या दाखल्यावर. तो दाखला नीट असेल तर एक आयुष्य, नसेल तर दुसरं. सरकारी नोकरी, परदेशी शिक्षण, जमीन, कर्ज, सगळं त्या एका कागदाशी येऊन थांबतं.

आणि तरीही सगळे अर्ज करत नाहीत. पासपोर्ट घ्यायचा तर आरसी परत करावी लागते. काहींना वाटतं की आपण आरसी सोडली तर तिबेटचा प्रश्न आपल्यापुरता मिटवला असं होईल. एकाच घरातला एक भाऊ भारतीय पासपोर्ट घेतो आणि बहीण आरसीवर राहते, असं होऊ शकतं. दोघांनी आईचा घाऊ सारख्याच मायेने जपलेला असतो. म्हणून 'ही वस्तू जपतात म्हणजे यांची ओळख अमुक आहे' असं एका ओळीचं सूत्र प्रबंधात मांडू नका. वस्तू ओळख ठरवत नाही. ओळखीबद्दल घरात चाललेलं बोलणं तिच्याभोवती जमा होतं, आणि ते बोलणं तुम्हाला ऐकायचं आहे.

डुक्कर वर्षात जन्मलेली आजी

जन्मतारखेचं एक उदाहरण सोडवून बघू, कारण परीक्षेत आणि शोधकार्यात दोन्हीकडे ते कामाला येईल.

जुन्या पिढीतली तिबेटी व्यक्ती जन्माचं वर्ष प्राण्याच्या नावाने सांगते. बारा प्राणी, पाच तत्त्वं, मिळून साठ वर्षांचं चक्र. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. गुढीपाडव्याला पंचांगात आपण जी साठ संवत्सरं मोजतो, त्यांच्याशीच हे चक्र जोडलेलं आहे. आपलं पहिलं संवत्सर 'प्रभव'. तिबेटी चक्राच्या पहिल्या वर्षाचं नाव 'रबजुंग', ते 'प्रभव'चंच भाषांतर आहे. कालचक्र परंपरेबरोबर ते तिथे गेलं आणि पहिलं चक्र इ. स. १०२७ पासून मोजतात. १०२७ मध्ये साठाच्या सोळा फेऱ्या मिळवा, १९८७ येतं. आणि १९८७ च्या पाडव्याला आपल्याकडेही प्रभव संवत्सरच लागलं होतं. हिमालयाच्या दोन बाजूंचे हिशोब आजही जुळतात.

आता समजा आजी म्हणाली, "मी डुक्कर वर्षातली." शक्यता दोन : १९४७ किंवा १९५९. तत्त्वही सांगितलं तर प्रश्न सुटतो, अग्नि-डुक्कर म्हणजे १९४७ आणि पृथ्वी-डुक्कर म्हणजे १९५९. नाही सांगितलं तर कथेकडे बघा. ती म्हणते, "मला पाठीवर बांधून आणलं." म्हणजे १९५९. ती म्हणते, "मी स्वतः चालत आले, माझ्याकडे धाकट्याला धरायचं काम होतं." म्हणजे १९४७.

पण खरा पेच पुढे आहे. १९५९ धरलं, तर जन्म खिंडीच्या अलीकडे झाला की पलीकडे? तिबेटी वर्ष फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला सुरू होतं. पृथ्वी-डुक्कर वर्ष म्हणजे १९५९ च्या फेब्रुवारीपासून पुढचं जवळजवळ एक वर्ष. ल्हासाचा उठाव त्यातच, सीमा ओलांडणं त्यातच, मिसामारीची छावणीही त्यातच. जन्म अलीकडे झाला असेल तर वर सांगितलेल्या कायद्याप्रमाणे ती जन्माने भारतीय. पलीकडे झाला असेल तर नाही. आणि आरसीवर कोण्या कारकुनाने त्या वेळी सुचेल ती तारीख आणि ठिकाण लिहिलेलं असू शकतं. इथे तुमच्या वहीतली एक नोंद कोणाच्या तरी आयुष्यात जाऊन बसू शकते. ती छापायची का, हा प्रश्न तुम्ही एकट्याने ठरवायचा नाही.

आठवण चुकली तर काय, असं विचाराल. आलेस्सांद्रो पोर्टेली या इटालियन अभ्यासकाने तेर्नी गावातल्या एका कामगाराच्या मृत्यूवर काम केलं. मृत्यू १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात झाला होता. पण गावातल्या अनेकांनी तो १९५३ च्या कामगारकपातीच्या संघर्षात झाला असं सांगितलं. पोर्टेलीने ती चूक खोडून पुढे जाण्याऐवजी विचारलं की सगळ्यांची आठवण एकाच दिशेने का सरकली? कारण १९५३ ची जखम त्यांच्यासाठी मोठी होती. मौखिक इतिहासात चुकीची तारीख सापडली की आनंद माना, पण आधी खरी तारीख कागदावरून पक्की करा. त्याशिवाय ती चूक आहे हेच कळणार नाही.

पोवळं काचेचं निघालं तर?

आता विज्ञानवाल्यांसाठी. आज मण्याला हात न लावता, ओरखडा न काढता तपासता येतं. रामन वर्णपटमापन वापरून पोवळ्याचा रंग नैसर्गिक आहे की मागाहून दिलेला, हे कळतं. हातात धरायच्या क्ष-किरण उपकरणाने धातूतलं चांदी-तांब्याचं प्रमाण कळतं. (आम्लाचा थेंब टाकून फसफसतं का बघायची जुनी चाचणी विसरा. कोणाच्या आईच्या मण्यावर आम्ल टाकत नाहीत.)

उपकरण हाताशी आहे म्हणून मोह होतो. पण आधी हे ठरवा की प्रश्न कोणाचा आहे. पोवळ्याची आणि पिरोज्याची काचेची नक्कल शेकडो वर्षं व्यापारात आहे. रंगवलेला पांढरा दगड पिरोजा म्हणून सर्रास विकला जातो. समजा तुमच्या वर्णपटात आईचं पोवळं काच निघालं. तुमच्यासाठी तो रंजक निष्कर्ष आहे, व्यापाराच्या इतिहासात त्याला जागा आहे. पण ज्या मुलीने तीस वर्षं ऐकलं की आईने उपाशी राहून हे विकलं नाही, तिच्यासाठी? किंवा कदाचित आईने खरे मणी विकून जागी काच ओवली आणि कोणाला सांगितलं नाही. त्या गुपितामुळेच घर चाललं असेल.

म्हणून संमतीपत्रात फक्त 'तपासणी करू का' एवढंच विचारू नका. 'निकाल तुम्हाला हवा आहे का' आणि 'तो कोणाला सांगायचा' हे वेगळे प्रश्न म्हणून विचारा. घाऊ उघडायला तर सांगूच नका. आतल्या गोष्टी विधिपूर्वक ठेवलेल्या असतात. बंद डबी ही तुमच्या माहितीतली पोकळी असेल, तर ती पोकळी तशीच नोंदवा. आणि किंमत कधीही विचारू नका. ज्या क्षणी तुम्ही किंमत विचारता, त्या क्षणी तुम्ही छावणीतले खरेदीदार होता.

ही पद्धत आणखी कुठे चालेल?

आपल्याच परिसरात बघा. अर्जुनी मोरगाव भागात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं आहेत. गोंदियात आणि नागपूरच्या जरीपटक्यात सिंधी कुटुंबं आहेत. फाळणीतल्या वस्तूंवर आंचल मल्होत्रा यांचं 'रेम्नंट्स ऑफ अ सेपरेशन' हे २०१७ चं पुस्तक वाचा. त्याच वर्षी अमृतसरला सुरू झालेलं फाळणी संग्रहालयही लोकांनी दिलेल्या अशाच घरगुती वस्तूंवर उभं आहे. उलट्या दिशेनेही जा : एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांची ओळख तिथल्या दप्तरात एका क्रमांकाने राहिली. पणजोबांचा तो क्रमांक आज तिथल्या वंशजांसाठी ठेवा झाला आहे. ज्या आकड्याने माणसाचं नाव झाकलं, त्याच आकड्याने ते आता परत शोधता येतं. घाऊ आणि आरसी वेगवेगळ्या ठेवायच्या गोष्टी नाहीत, हे मॉरिशसकडे बघितलं की पटतं.

सरावासाठी एक काम देते. आपल्या घरातली, किंवा ओळखीच्या घरातली, बाहेरगावाहून आलेली एक वस्तू निवडा. परवानगी घ्या. एका पानावर चार रकाने करा : ती कशाची बनली आहे, तिच्याबद्दल काय सांगतात, तिच्याशी जुळणारा कागद कोणता, आणि तिच्यासोबतचं काय विकलं गेलं. चौथा रकाना बहुतेक रिकामा राहील. मग आजीजवळ बसा, धान निवडता निवडता हळूच विचारा, आणि ती सांगेल त्या गतीने लिहा. रकाना भरला नाही तरी चालेल, पण तो पानावरून काढू नका.